बॉम्ब सांडला

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीचं पुस्तक घरात आलं होतं, पण ते धाकट्या भावानं वापरलं. तरी माझ्याकडं एक वाक्य होतं आणि ते मी पदवीसारखं मिरवत आलो. एकतीस वर्षं खाणीत सुरुंग लावले, माझ्या बारानं कुणाला खरचटलंसुद्धा नाही. कॅनडातल्या मिल्टनच्या आमच्या घरी कुणी पाहुणा आला की माझा मुलगा हे वाक्य चहाबरोबर पुढं करतो. इथं सगळे पुण्या-नागपूरचे कॉम्प्युटरवाले. त्यांच्यात बसून मी काय बोलणार? पण सुरुंग म्हटलं की ते हातातला फोन खाली ठेवतात.

ते वाक्य या मार्चमध्ये मोडलं. कसं मोडलं ते लिहितोय. शुद्धलेखन सुनेनं बघितलंय, पण शब्द माझे आहेत आणि त्यांना हात लावायचा नाही असं तिला बजावलंय.

आधी बार म्हणजे काय ते सांगतो. दगडाला भोक पाडायचं, दारू ठासायची, वात लावायची आणि पेटवायची. त्या एका उडवण्याला बार म्हणतात. पेटवायच्या आधी तीन हाका द्यायच्या. पहिल्या हाकेला माणसांनी हातातलं काम सोडायचं. दुसरीला आडोशाला जायचं. तिसरी दिली की बार लावणाऱ्यानं गप्प उभं राहायचं आणि चारी बाजू बघायच्या. कुठं हालचाल नाही असं पटलं की मगच वात पेटवायची. आणि बार उडाल्यावर, धूळ बसल्यावर, आत पहिलं पाऊल त्याचंच, ज्यानं लावला. दुसऱ्या कुणी जायचं नाही. हे मला उस्तादानं शिकवलं. तोही शाळेत गेलेला नव्हता.

तर इथं शनिवारी सकाळी कम्युनिटी सेंटरच्या एका खोलीत मराठीचा वर्ग भरतो. नऊ मुलं, सगळी हायस्कूलची. त्यात माझी नात, ग्रेड इलेव्हनची. शिकवणाऱ्या बाई नागपूरच्या, वयानं माझ्या सुनेएवढ्या. पाच दिवस कंपनीत आणि शनिवारी इथं. मी नातीबरोबर जायचो ते खुर्च्या मांडायला. घरात बसून खिडकीतून शेजाऱ्याचं फावड्यानं बर्फ काढणं बघण्यापेक्षा ते बरं.

मुलं मराठी बोलायची पण ओठातल्या ओठात. एक दिवस बाई वैतागून म्हणाल्या, काका, तुम्ही फोनवर बोललात तरी अख्खं सेंटर ऐकतं, यांना जरा आवाज शिकवा. आता घरात माझ्या आवाजावरून रोज बोलणी बसतात. मुलगा मीटिंगमध्ये असला की बेसमेंटमधून मेसेज करतो, आबा हळू. त्या आवाजाची इथं गरज आहे म्हटल्यावर मी लगेच उभा राहिलो. मुलांना कोट घालायला लावले आणि पार्किंग लॉटमध्ये नेलं. टाचा रोवा. पोट आत नको, बाहेर. घशातून ओरडू नका, घसा एका दिवसात बसतो. त्या टोकाच्या दिव्याच्या खांबाला हाक मारा. बाऽऽर आहे, बाऽऽर. तीनदा. नऊ पोरं एकदम ओरडली तेव्हा हॉकीची बॅग घेऊन चाललेला एक गोरा माणूस जागीच थांबला, आणि आतून सेंटरची बाई सगळं ठीक आहे ना विचारायला बाहेर आली. नातीनं तिला समजावलं. काय सांगितलं कोण जाणे, ती बाई माझ्याकडं बघून अंगठा दाखवून गेली.

त्यानंतर मी खुर्च्या मांडणारा राहिलो नाही. मला मुलं आवाजाचे सर म्हणायला लागली. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

मग बाईंनी वादविवाद ठरवला. विषय मुलांनीच सुचवला, त्यांच्या शाळेत इतिहासात नुकताच झाला होता. युद्धात अणुबॉम्ब वापरणं योग्य होतं का. बाईंनी एका डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. चार योग्य, पाच अयोग्य. नातीनं चिठ्ठी उघडली आणि हसत माझ्याकडं आली. "आबा, मला योग्य आलं. हार्ड साइड आहे, मज्जा."

मला त्यात मज्जा वाटली नाही. त्या बॉम्बबद्दल मला फार माहिती नाही. शहरं जळाली, पोरंबाळं जळाली, वाचली ती पुढं वर्षानुवर्षं मरत राहिली, इतकं माहीत आहे आणि इतकं पुरेसं आहे. त्याला योग्य म्हणायचं, आणि चिठ्ठीत आलं म्हणून म्हणायचं? आमच्याकडं चिठ्ठी टाकून पंगतीत कुणी वाढायचं ते ठरवतात. कुणी काय मानायचं ते नाही ठरवत.

वर्ग सुटल्यावर मी बाईंना गाठलं. म्हटलं, ही पोरं तुमच्याकडं मराठी शिकायला येतात. त्या शांतपणे म्हणाल्या, मराठीच शिकवतेय. दुसऱ्याची बाजू एकदा स्वतःच्या तोंडानं बोलल्याशिवाय ती कळत नाही. मी विचारलं, असली बाजू कळायचीच कशाला? मग उद्या चोरीच्या बाजूनंही बोलायला लावाल.

"लावीन की काका. चोर काय बोलतो ते वकिलाला माहीत नको?"

या नागपूरच्या बाईला उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले असते. मी कोट घातला आणि निघालो. पुढच्या शनिवारी सेंटरला गेलो, पण वर्गात पाऊल टाकलं नाही. बाहेरच्या बाकावर बसलो. समोरच्या काचेतून लहान मुलं बर्फावर पडत-उठत स्केटिंग शिकताना दिसत होती. नात दोनदा बोलवायला आली. मी म्हटलं, माझा आवाज बॉम्बसाठी नाही.

दार अर्धवट उघडं होतं. आत एक चौदा वर्षांची मुलगी बोलत होती. तिला अयोग्यची चिठ्ठी आली होती. मी शिकवलेल्या आवाजात, टाचा रोवून ती म्हणाली, "अमेरिकेनं शहरावर बॉम्ब सांडला."

आत एकच हशा. बाईही हसल्या असाव्यात. ती पोरगी गोंधळून सांगू लागली की घरी तिच्या हातून काहीही खाली गेलं की आई म्हणते, सांडलंस ना? म्हणून तिला वाटलं ड्रॉप म्हणजे सांडणं. कुणीतरी म्हणालं, पडला म्हण, बॉम्ब पडला. दोघंतिघं म्हणाली हां, पडला.

मी उठलो आणि आत गेलो. राग बाहेर बाकावरच राहिला. म्हटलं, सांडतं ते दूध. पडतं ते झाडाचं पान. त्याला कुणी लागत नाही. बॉम्ब विमानात भरावा लागतो, न्यावा लागतो, खालची जागा बघावी लागते, कळ दाबावी लागते. "टाकला म्हण, पोरी. टाकायला हात लागतो. ज्याचा हात त्याचं नाव आधी घे, मग टाकला म्हण."

बाईंनी फळ्यावर तिन्ही शब्द लिहिले आणि दोनांवर काट मारली. मग मुलांनी मला खाणीबद्दल विचारलं. मी हाकांचा नियम सांगितला, पहिल्या पावलाचा नियम सांगितला, आणि शेवटी माझं ते वाक्य सांगितलं. एकतीस वर्षं, कुणाला खरचटलं नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना मी गाडीत गाणं गुणगुणत होतो, असं सून सांगते.

बुधवारी शाळेतून आल्यावर नात स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी वही घेऊन बसली. मी लसूण सोलत होतो. ती तिचा मुद्दा मला वाचून दाखवत होती. म्हणाली, आबा, त्या लोकांना आधी इशारा दिला होता. विमानातून कागद टाकले होते, शहरं सोडून जा म्हणून. तरी लोक गेले नाहीत. मी लसूण सोलत राहिलो. मग तिनं पेन खाली ठेवलं.

"तुम्ही सांगा ना. तुम्ही तीन हाका दिल्या आणि तरी कुणी आत आलं, तर चूक कोणाची?"

"आत येणाऱ्याची," मी म्हणालो.

एवढं झटकन म्हणालो की हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. तिनं लगेच लिहून घेतलं. माझे आजोबा एकतीस वर्षं सुरुंग लावत होते. ते म्हणतात, हाक दिल्यावर जो आत येतो, चूक त्याची असते.

मी वहीकडं बघत होतो. हे उत्तर त्या दिवशी सुचलेलं नव्हतं. ते तयार होतं. खाणीचा मालक, मुकादम, गावातली माणसं, सगळ्यांना मी कधीकाळी हेच उत्तर दिलं होतं, याच शब्दांत. आणि ते देऊन झाल्यावर ती गोष्ट मी मोजलीच नव्हती.

एक बाई होती. खडी फोडणाऱ्या बायांमधली एक. त्या दिवशी मालाची गाडी येऊन उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मुकादम घाई करत होता. मी पहिली हाक दिली, दुसरी दिली, आणि वात पेटवली. तिसरी हाक मी पळता पळता दिली. म्हणजे हाका तीनच झाल्या. कुणीही मोजल्या असत्या तरी तीनच भरल्या असत्या. ती बाई डबा विसरला म्हणून मागं फिरली होती. तिच्या कोपराला दगड लागला.

बघा, आत्ताही लिहिताना दगड लागला असंच आलं.

गुरुवारी मी नातीला म्हटलं, ते माझं वाक्य काढून टाक. ती म्हणाली, का? तेच तर बेस्ट आहे. मी म्हटलं, मला माझं नाव नको कुठं. ती म्हणाली, नाव घेतच नाहीये, माझे आजोबा एवढंच. कारण सांगितल्याशिवाय ती ऐकणार नव्हती. ती हट्टाला माझ्यावर गेलीय. कारण सांगायचं तर वाक्य गेलं. मुलगा ते वाक्य लहानपणापासून ऐकत आलाय, त्याला मी काय सांगू? सत्तर वर्षांपुढच्या माणसाकडं दाखवायला दुसरं काय राहतं? शुक्रवारी मी पुन्हा म्हटलं, काढ. ती म्हणाली, "आबा, यू आर माय एव्हिडन्स." पुरावा. मी अणुबॉम्बचा पुरावा झालो होतो.

शनिवारी पालकही आले होते. मुलगा पहिल्या रांगेत फोन धरून बसला, नातीचं भाषण रेकॉर्ड करायला. मी मागं भिंतीपाशी, उभाच. नात उभी राहिली. टाचा रोवलेल्या, पोटातून आवाज, शब्द न् शब्द स्पष्ट. युद्ध लवकर संपलं, आणखी माणसं मरायची वाचली, इशारा दिला होता, असं सगळं म्हणून ती माझ्यावर आली. माझे आजोबा म्हणतात. मुलगा मागं वळून माझ्याकडं बघून हसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा आवाज, माझा नियम, माझं वाक्य, आणि त्याच्या टोकाला ती जळलेली शहरं. हे मी शिकवलं होतं.

त्या सांडलावाल्या मुलीनं विरोधात बरं भाषण केलं. टाकला म्हणाली, चारदा म्हणाली. कागदावर कुठला बॉम्ब येणार, कुठल्या शहरावर, कधी, हे नीट लिहिलंच नव्हतं म्हणाली.

मग बाईंनी टाळी वाजवली. "छान. आता बाजू बदला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मुलं उठली, पाण्याचा घोट घेतला, समोरासमोरच्या खुर्च्या बदलल्या. आत्ता ज्यांनी मेलेल्यांसाठी डोळे पुसायला लावले ती पोरं बॉम्बच्या बाजूला जाऊन बसली. नात बॉम्ब सोडून इकडं आली. पाच मिनिटंसुद्धा गेली नव्हती. माझ्या आयुष्यात बाजू बदलणं म्हणजे दगा. माणूस एकदा जे बोलला ते मरेपर्यंत धरून ठेवतो, निदान मी तरी धरून ठेवलं होतं.

नात उभी राहिली. वही तिनं खुर्चीवरच ठेवली होती. मग स्वतःच्याच आधीच्या मुद्द्याला उत्तर द्यायला लागली, हळूहळू, शब्द शोधत.

ती म्हणाली, इशारा दिला असं सगळे म्हणतात. पण माझ्या आजोबांनी आम्हाला दुसरं पण सांगितलंय. तिसरी हाक दिल्यावर थांबायचं. चारी बाजू बघायच्या. का थांबायचं? कारण हाक आत असलेल्या माणसासाठी असते.

"हाक दिली आणि थांबलंच नाही," ती म्हणाली, "तर ती हाक कोणासाठी? ती फक्त नंतर सांगण्यासाठी."

तिला काहीही माहीत नव्हतं. कुणीच तिला सांगितलेलं नव्हतं. सतरा वर्षांची पोरगी, मिल्टनमध्ये वाढलेली, खाण कधी न बघितलेली, नुसती या खुर्चीवरून त्या खुर्चीवर गेली आणि तिथून तिला ते दिसलं. मी इतकी वर्षं एकाच खुर्चीवर बसून होतो.

माझ्या तोंडून आवाज गेला तेव्हा तो खाणीतलाच आवाज होता. सगळी खोली वळली. बाई म्हणाल्या, काका, प्रश्न नंतर. मी म्हटलं, प्रश्न नाही बाई, पुरावा आहे, तो चुकीच्या बाजूला लागलाय. मग मी सांगितलं. हॉर्न, दुसरी हाक, वात, पळता पळता दिलेली तिसरी हाक. मी म्हणालो, एका बाईच्या कोपराला दगड, आणि पुढचा शब्द तोंडात आला तो लागला असा. फळा समोर होता. त्यावर आज काही लिहिलेलं नव्हतं. मी तो शब्द गिळला.

"तिचा हात मी मोडला."

मग त्या चौदा वर्षांच्या मुलीनं अगदी हळू विचारलं, कोपर म्हणजे काय? थट्टा नव्हती. तिला शब्द माहीत नव्हता. नातीलाही नव्हता, ती माझ्याकडंच बघत होती. बाई सांगायला गेल्या, पण मी हात वर केला. स्वेटरची बाही सारली आणि माझं कोपर धरून दाखवलं. इथं, म्हटलं. हे. नऊ पोरं आणि त्यांचे आईबाप माझ्या कोपराकडं बघत होते. मुलाचा फोन तसाच वर धरलेला होता. तो बंद करायचंही त्याला सुचलं नव्हतं.

बाईंनी कुणालाच विजयी केलं नाही. चहा-सामोसे होते, लोक हळू आवाजात बोलत होते. माझ्याशी कुणी वाईट वागलं नाही. एका माणसानं, तो नेहमी आमच्याकडं येतो, मला सामोशाची प्लेट आणून दिली आणि नजर दुसरीकडं ठेवली.

परत येताना मुलगा गाडी चालवत होता. मी पुढं, नात मागं. रस्त्याच्या कडेला नव्या घरांसाठी जमीन उकरलेली, बर्फातून काळी माती वर आलेली. तिसऱ्या सिग्नलपाशी नात पुढं वाकली.

"आबा, बार उडाल्यावर पहिलं पाऊल तुमचंच ना? मग तुम्ही गेला होतात?"

गेलो होतो. नियम होता. धूळ बसायच्या आत गेलो होतो. ती बाई खडीवर बसली होती, एका हातानं दुसरा हात मांडीवर धरून, आणि डबा बाजूला पडला होता. पडला कसला, तिनं टाकला होता. तिनं मला बघितलं आणि माझ्या आधी तीच बोलली. हे मी आजवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मी नातीला सांगितलं. ती बाई म्हणाली, माझंच चुकलं, दादा.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

सिग्नल हिरवा झाला होता. मुलानं गाडी हलवली नाही. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. त्या दिवशी खाणीत मालाच्या गाडीचा हॉर्नही असाच वाजत होता.

मी म्हणालो होतो, पुढच्या वेळी लक्ष ठेव.

तेच मी नातीला सांगितलं, जसंच्या तसं. ती मागं टेकून बसली. मुलानं गाडी पुढं घेतली. घर येईपर्यंत मी माझं कोपर धरून होतो, हे मला गॅरेजचं दार उघडताना लक्षात आलं.